पोलीस, स्टिंग आणि दहावी ‘ब’



मला ‘शाळेने मला काय दिले’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. पण त्यावर आधीचे चौघे बोलले आणि माझ्यापेक्षा बरं बोलले. म्हणून मी एका भांडणाबद्दल बोलतो. १९८५च्या दिवाळीनंतर ते दहावी ‘ब’च्या मागच्या दोन बाकांवर सुरू झालं. विषय एकच, ‘पोलीस’ सोडून स्टिंगने बरं केलं की वाईट?

बाई, हे पोलीस खाकीवाले नव्हेत. १९७७मध्ये लंडनला निघालेला तिघांचा बँड. स्टुअर्ट कोपलंड ड्रमवर, अँडी समर्स गिटारवर, आणि बास वाजवत गाणारा स्टिंग. त्याचं खरं नाव गॉर्डन समनर. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा स्वेटर घालायचा, गांधीलमाशीसारखा, म्हणून हे नाव पडलं. आपल्या वर्गात टोपणनावं याहून फुटकळ कारणांवरून पडली आहेत. आणि सर, हा गृहस्थ आधी शाळामास्तर होता. तेव्हा आम्ही अगदीच वाया गेलो नव्हतो.

मार्च १९८०मध्ये हे तिघे मुंबईत वाजवून गेले होते. आम्ही तेव्हा चौथीत होतो, आम्हाला पत्ताच नव्हता. पुढे एका मित्राच्या मामाने जहाजावरून कॅसेट आणल्या. त्या मित्राचं नाव मी घेत नाही. तो तिसऱ्या रांगेत बसलाय आणि आत्ता मान खाली घालून हसतोय.

त्याचा गळा गोड होता. मी शाळेच्या बँडपथकात ड्रम वाजवायचो, म्हणून मी कोपलंडवाला. झांजेवर त्याच्या काठ्या जे नाजूक काम करतात, ते ऐकून मी बाकावर पट्टीने वाजवायचो आणि वर्गाबाहेर उभा राहायचो.

मग जून १९८५मध्ये स्टिंगचा एकट्याचा अल्बम आला, ‘द ड्रीम ऑफ द ब्लू टर्टल्स’. आमच्यापर्यंत तो दिवाळीत पोचला. सोबतीला सगळे जॅझवाले. ब्रॅनफर्ड मार्सालिसचा सॅक्सोफोन, केनी कर्कलंडचे कीबोर्ड, ड्रमवर ओमर हकीम. स्टिंगने चक्क बास दुसऱ्याच्या हाती देऊन गिटार घेतली होती. मी म्हणालो, हा गद्दार आहे. बँड शिखरावर असताना कोण सोडतं? ‘सिंक्रोनिसिटी’ नुकताच, १९८३मध्ये, जगभर गाजला होता. मित्र म्हणाला, बहुतेक गाणी त्याचीच, गळा त्याचा, मग त्याने आयुष्यभर तुमच्या तिघांतच राहायचं का?

‘तुमच्या तिघांत’ हे शब्द मला तेव्हाच खटकले होते.

कारण जानेवारीत स्नेहसंमेलन होतं. त्यात आम्ही तिघे वाजवणार होतो. आठ दिवस आधी त्याने सांगितलं, मी एकटा गातो, नाट्यगीत, पेटी-तबल्यावर. तो गायला आणि सभागृह डोक्यावर घेतलं गेलं. मी पडद्यामागे खुर्च्या लावत होतो. खाली उतरल्यावर त्याला जे बोललो, ते इथे सांगण्यासारखं नाही. दहावीचा निकाल लागला, वाटा फुटल्या आणि आम्ही एकवीस वर्षं बोललो नाही.

मी मात्र हट्टाने स्टिंग ऐकत राहिलो, चुका काढायला. ‘शॅडोज इन द रेन’ हे पोलीसचंच जुनं गाणं त्याने नव्या मंडळींबरोबर पुन्हा केलंय. दोन्ही लागोपाठ ऐका, कोपलंड नसल्याचं कळतं. हे माझं मत आजही कायम आहे. पण १९९१चा ‘द सोल केजेस’ आला तेव्हा माझी बोलती बंद झाली. वडील गेल्यावर केलेला अल्बम आहे तो. स्टिंग वॉल्सेंडचा, जहाजबांधणीच्या गावचा, वडील दूधवाले. त्यात ती गोदी आहे, नदी आहे, बापाशी न झालेलं बोलणं आहे. माझे वडील गिरणीत होते. जानेवारी १९८२च्या संपानंतर ते घरात जे गप्प बसले, ते तुमच्यापैकी चाळीत राहणाऱ्यांनी पाहिलंय. हा अल्बम ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं, हे तिघांत बसून होण्यासारखं काम नव्हतं. मार्सालिस आणि कर्कलंड त्यातही आहेत, बरं का.

२००७मध्ये पोलीस पुन्हा एकत्र आले, वर्षभराहून जास्त जगभर फिरले, २००८मध्ये न्यूयॉर्कला शेवटचा कार्यक्रम केला. नवा अल्बम केला नाही. जुनीच गाणी वाजवली आणि आपापल्या घरी गेले. ती बातमी वाचून मी त्याचा नंबर शोधला. फोन उचलल्यावर तो एवढंच म्हणाला, ‘‘कोपलंड अजून तसाच वाजवतो का रे?’’ मी म्हटलं, ‘‘तसाच.’’ मग आम्ही तासभर भांडलो.

सर, पथकाचा ड्रम अजून शाळेच्या माळ्यावर आहे असं शिपाईमामा म्हणाले. चामडं फाटलंय, पण कड वाजते. जेवणानंतर तो खाली काढायची परवानगी द्यावी. आमच्यातला गिटारवाला दुपारच्या गाडीने पोचतोय. आणि तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांनी आज एकट्याने गायचं नाही. नाट्यगीत असलं तरी चालेल, आम्ही सांभाळून घेऊ.