बस का येत नाही, हे सभागृहात कसं विचारायचं?

(तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला 'तरुण आणि लोकशाही' असा विषय दिला आहे. तो माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. मी इंजिनिअर माणूस. सॉफ्टवेअर कुठे अडलं, का अडलं, हे शोधणं हे माझं रोजचं काम. म्हणून मी त्यातला एकच तुकडा घेतो. आमदार किंवा खासदार मंत्र्याला प्रश्न विचारतो, तेव्हा नेमकं काय होतं? आणि त्या प्रश्नात तुमचं-माझं काम काय?

सभागृह म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टीव्हीवरचा गोंधळ येतो. घोषणा, फलक, तहकुबी. पण कामकाजात एक तास प्रश्नोत्तरांचा असतो आणि सामान्य माणसाच्या उपयोगाचं बरंचसं तिथेच घडतं. लोकसभेत तो सकाळी अकराला सुरू होतो. राज्यसभेतही पूर्वी अकराचीच वेळ होती. पण सकाळच्या गोंधळात तो तास वारंवार वाया जायचा, म्हणून २०१४ साली सभापती हमीद अन्सारी यांच्या काळात तो दुपारी बारावर नेला गेला. गोंधळ झाला तरी प्रश्न वाचले पाहिजेत, एवढं त्याचं मोल.

हा अधिकार आपल्याकडे कधी आला? १८९२ च्या कायद्याने कौन्सिलच्या सदस्यांना सरकारला प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली. १६ फेब्रुवारी १८९३ रोजी भिंगाच्या महाराजांनी पहिला प्रश्न विचारला. सरकारी अधिकारी दौऱ्यावर निघाले की त्यांच्या छावणीला माल पुरवताना गावच्या दुकानदारांना जो त्रास होतो, त्याबद्दलचा तो प्रश्न होता. साम्राज्याच्या कौन्सिलात पहिला प्रश्न पोहोचला तो गावच्या दुकानदाराचा! उत्तर ऐकून लगेच उपप्रश्न विचारण्याची सोय मात्र १९०९ साली आली. तीही फक्त मूळ प्रश्न विचारणाऱ्यालाच. १९१९ च्या कायद्यानंतर ती सगळ्या सदस्यांना मिळाली.

आज प्रश्नांचे मुख्य दोन प्रकार आहेत. तारांकित प्रश्नाला मंत्री उभं राहून तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. प्रश्न किमान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि तो १५० शब्दांच्या आत बसवावा लागतो. तारांकित प्रश्नाची पाळी आली नाही, तर त्याचंही उत्तर लेखी मिळतं. म्हणजे सभागृह बंद पडलं तरी उत्तर बुडत नाही.

आपल्या विधानसभेतल्या प्रश्नाची एक ठरलेली भाषा आहे. ती नीट ऐका. 'सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) अमुक गोष्ट घडली, हे खरे आहे काय; (२) असल्यास, त्याची चौकशी केली आहे काय; (३) असल्यास, कोणती कारवाई केली; (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय?' उत्तरंही ठरलेली असतात. 'होय, हे खरे आहे', 'हे अंशतः खरे आहे', 'हे खरे नाही'. आणि सगळ्यांच्या ओळखीचं एक उत्तर, 'प्रश्न उद्भवत नाही'.

आता माझ्या धंद्याच्या नजरेने बघा. या प्रश्नात सगळा भार पहिल्या कलमावर आहे. त्याला 'हे खरे नाही' असं उत्तर आलं की खालची सगळी कलमं आपोआप गळून पडतात. चौकशी? उद्भवत नाही. कारवाई? उद्भवत नाही. म्हणून पहिलं कलम असं हवं की ते नाकारताच येऊ नये. 'आमच्या भागात बससेवा विस्कळीत आहे, हे खरे आहे काय' असं विचारलं, तर 'नाही' म्हणायला काहीच लागत नाही. 'अमुक महिन्यात संध्याकाळची साडेपाचची फेरी अमुक तारखांना सुटली नाही, हे खरे आहे काय' असं विचारलं, तर तारखा तपासाव्याच लागतात.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आमचं गाव कोकणात, खाडीच्या पलीकडे. गावातल्या सात मुली तालुक्याला कनिष्ठ महाविद्यालयात जायच्या. त्यांत माझी चुलत बहीण होती. सकाळची गाडी यायची. संध्याकाळची फेरी मात्र कधी यायची, कधी नाही, आणि येणार नाही हे कुणी सांगायचंही नाही. मुली अंधार पडेपर्यंत स्टँडवर उभ्या. दिवाळीनंतर दोघींचं कॉलेज सुटलं. बाहेरच्या लोकांनी लगेच निष्कर्ष काढला की मुसलमान मुलींना शिकू देत नाहीत. त्या दोघींच्या वडिलांना मी ओळखतो. फी भरायला त्यांनी का-कू केली नव्हती. मुलीला रात्री आठला स्टँडवर एकटी ठेवायला ते तयार नव्हते, एवढंच. कारण धर्मात शोधलं जात होतं आणि ते होतं वेळापत्रकात.

गावाने अर्ज लिहिला. त्यात 'आमच्या समाजावर अन्याय होत आहे' असं वाक्य होतं. गावातल्या एका निवृत्त कंडक्टर चाचांनी तो वाचला आणि म्हणाले, "बाळांनो, याला उत्तर नसतं. कुठल्या तारखेला कुठली फेरी सुटली नाही, ते लिहा. त्याची नोंद आगारात असतेच." मग मुलींनीच वही घातली. तारीख, वेळ, गाडी आली की नाही, आली तर किती उशिरा. दोन महिने. वही घातल्यावर आणखी एक गोष्ट कळली. त्याच फेरीने बौद्धवाडीतली आणि कुळवाड्यातली मुलंही यायची. दवाखान्यातून परतणारी म्हातारी माणसंही त्याच गाडीची. नवा अर्ज तिन्ही वाड्यांच्या सह्यांनी गेला. सोबत वहीच्या पानांच्या झेरॉक्स. आमदारांच्या स्वीय सहायकाने त्यावरून प्रश्न तयार केला.

प्रश्न यादीत आला, पण सभागृहात त्याची पाळी आली नाही. लेखी उत्तर मिळालं : हे अंशतः खरे आहे, चालकांची संख्या अपुरी आहे. वर्तमानपत्रात एक ओळही आली नाही. पण खरी गोष्ट त्याआधीच घडली होती. विधानभवनातून तो प्रश्न मंत्रालयात गेला, तिथून विभागीय कार्यालयात, तिथून आगारात. प्रत्येक टेबलावर त्याला तारीख होती, कारण अधिवेशन थांबत नाही. आजवर आमचे अर्ज खालून वर जाऊन कुठेतरी अडकायचे. हा कागद वरून खाली आला. आगारातून गावात फोन आला, "तुमची ती वही बघायला मिळेल का?" उत्तर छापून यायच्या आधीच संध्याकाळची फेरी नियमित झाली होती.

गोष्ट इथे सुखात संपली, असं मी सांगणार नाही. पुढच्या पावसाळ्यात फेऱ्या पुन्हा रद्द होऊ लागल्या. मुलींनी पुन्हा वही काढली. ज्या दोघींचं कॉलेज सुटलं, त्यांपैकी एकीने सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी दिली. दुसरीचं तोवर लग्न झालं होतं. प्रश्न वर्षभर आधी विचारला गेला असता तर, हे माझ्या मनातून अजून जात नाही.

आता एक मोठं उदाहरण घेऊ. सप्टेंबर २०२०, करोनाचा काळ. त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला होता. फक्त लेखी उत्तरं मिळणार होती. पहिल्याच दिवशी लोकसभेत विचारलं गेलं : टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला? कामगार मंत्रालयाचं उत्तर होतं की अशी आकडेवारी ठेवली जात नाही. साहजिकच भरपाईचा प्रश्नही उद्भवला नाही. त्याच आठवड्यात राज्यसभेत डेरेक ओब्रायन यांनी फक्त श्रमिक विशेष गाड्यांपुरतं विचारलं. रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांनी लेखी उत्तर दिलं : राज्यांच्या पोलिसांकडून मिळालेल्या माहितीनुसार ९ सप्टेंबरपर्यंत या गाड्यांमध्ये ९७ जणांचा मृत्यू झाला. ८७ मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठवले आणि ५१ अहवाल हाती आले.

सरकार तेच, आठवडाही तोच. एका प्रश्नाला शून्य उत्तर आणि दुसऱ्याला तीन आकडे. का? रस्त्यावर चालत गेलेल्या माणसाची नोंद एका जागी कुणी ठेवलीच नव्हती. गाडीत मृत्यू झाला की मात्र पोलिसांच्या कागदावर येतो. दुसरा प्रश्न जिथे कागद होता, तिथे जाऊन थांबला. या गाड्या आपल्या भिवंडीतूनही सुटल्या होत्या. ते ९७ जण यंत्रमागावर, बांधकामावर राबणाऱ्या माणसांसारखेच कुणाचे तरी होते. तो आकडा आज संसदेच्या नोंदीत कायमचा आहे, कारण कुणीतरी नेमकं विचारलं.

प्रश्न कुणाला विचारायचा, हेही कळायला हवं. एसटी आणि आरटीओ राज्याकडे, म्हणजे आमदार. रेल्वे केंद्राकडे, म्हणजे खासदार. शहरातली बस, नळाचं पाणी, महापालिकेचा दवाखाना, तिथे नगरसेवक. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत होते. त्या काळात मोहल्ल्यातली बस बंद झाली, तर महापालिकेच्या सभागृहात विचारायला निवडून दिलेला माणूसच नव्हता. निवडणूक लांबते, तेव्हा आपला विचारण्याचा हक्कही लांबतो.

आणि मंत्री सभागृहात 'लवकरच करू' म्हणाले, तर ते हवेत सोडू नका. संसदेत आणि विधिमंडळातही अशा शब्दांचा पाठपुरावा करणारी आश्वासन समिती असते. केंद्रात दिलेलं आश्वासन तीन महिन्यांत पुरं करावं, अशी अपेक्षा आहे. उत्तराची तारीख लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी लोकप्रतिनिधीला आठवण करा.

या सगळ्याला काळी बाजूही आहे. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये संसदेच्या ११ सदस्यांची हकालपट्टी झाली. पण यातूनही कळतं की व्यापारी, कंत्राटदार अशा लोकांना प्रश्नाची किंमत माहीत आहे. ती आपल्याला माहीत नसावी का?

शेवटी आपल्याबद्दल बोलतो. मोहल्ल्याचं शिष्टमंडळ आमदारांकडे जातं, तेव्हा विषय कोणते असतात? कब्रस्तानची भिंत, शादीखाना, उर्दू शाळेची खोली, सणाचा बंदोबस्त. हे विषय हवेतच. पण बस, पाणी, रेशन, दवाखाना यांबद्दल आपण क्वचितच बोलतो, कारण 'ते तर सगळ्यांचंच आहे'. मला वाटतं, सगळ्यांचं आहे म्हणूनच ते आधी विचारावं. त्या अर्जावर शेजारच्या वाडीची सही सहज मिळते. आणि त्यासाठी आपल्याच समाजाचा आमदार असण्याची वाट पाहावी लागत नाही. आपण मत दिलेलं असो वा नसो, मतदारसंघाचा आमदार आपलाही आमदार आहे.

तेव्हा इथून जाताना एक काम घेऊन जा. आपल्या वस्तीतली एकच सेवा निवडा. एक बस, एक नळ, नाहीतर एक दवाखाना. तीस दिवस तारीख-वेळ लिहा. ती सेवा कुणाच्या अखत्यारीत येते, ते शोधा. जुनी प्रश्नोत्तरं संसदेच्या आणि विधिमंडळाच्या संकेतस्थळांवर आहेत. त्यांतली चार वाचली की भाषा जमते. मग आपला प्रश्न चार कलमांत लिहा आणि पुढच्या अधिवेशनाच्या पुरेसा आधी लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात द्या. पोच घ्यायला विसरू नका.