गाडीची पेट्रोलची नळी
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला लोणची-पापडांवर नाहीतर मुलांच्या संगोपनावर बोलावे, अशी आपली रीत. मी मोटारसायकलची पेट्रोलची नळी हा विषय कळवला तेव्हा चिटणीसबाईंनी दोनदा विचारून घेतले. परंतु हा विषय आपल्या उंबऱ्यापासून फार लांबचा नाही. आपल्याकडे गाड्या रात्रभर जिन्याखाली उभ्या असतात. विजेचे मीटरही तिथेच, आणि वरच्या बिऱ्हाडांना खाली उतरायला तोच एक जिना. पहाटे पाण्याची मोटर लावायला आपणच खाली जातो, तेव्हा पेट्रोलचा वास पहिल्यांदा येतो तो आपल्याला. “गाडी म्हटली की वास यायचाच,” असे म्हणून आपण वर येतो. हे बरोबर नाही. झाकण घट्ट असलेल्या आणि नळी धड असलेल्या उभ्या गाडीला असा उग्र वास येऊ नये.

आता रचना सांगते. जुन्या, कार्बोरेटरच्या मोटारसायकलीत पेट्रोलची टाकी वर आणि कार्बोरेटर खाली. मध्ये पंप वगैरे काही नाही. माठाला तोटी लावावी तसा टाकीच्या तळाशी कॉक असतो आणि त्यातून वीतभर रबरी नळीने पेट्रोल आपल्या वजनानेच खाली उतरते. कार्बोरेटरमध्ये एक तरंगता भाग असतो. पुरेसे पेट्रोल साचले की तो वर येऊन वाट बंद करतो, अगदी आपल्या गच्चीवरच्या टाकीतल्या बॉलसारखा. म्हणून कॉक उघडा राहिला तरी चांगली गाडी गळत नाही. पण नळीलाच चीर पडली तर तो बिचारा बॉल काय करणार? पेट्रोल वाटेतच ठिबकते, आणि कॉक बंद करीपर्यंत ठिबकत राहते.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जिन्याखालच्या खोलगट जागी साचून राहते. पेट्रोल शून्याखाली 40 अंशांच्या सुमारासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. आपल्याकडे तर थंडीतही त्याला मुभाच मुभा. मग उदबत्ती, डासांची कॉइल, कोणाची विडी, मीटरच्या पेटीतली ठिणगी, काहीही पुरते.

गॅसच्या शेगडीची नारिंगी नळी पाच वर्षांनी बदलावी, हे आता आपल्याला पाठ झाले आहे. गाडीच्या नळीची मात्र कोणाला आठवण नसते. आमची गाडी वीस वर्षांची आहे आणि तिची नळी मी आजवर दोनदा बदलली. एका बाजूने इंजिनाची धग, दुसऱ्या बाजूने आत पेट्रोल, यात रबर कडक होते. तडे पडतात ते बहुधा टोकाला, क्लिपच्या जवळ. नळी किंचित वाकवून पाहावी. भेगा दिसल्या, बोटाला ओल लागली किंवा नळी काडीसारखी ताठ लागली, तर ती बदलण्याजोगी झाली.

त्यात आणखी एक गोष्ट झाली आहे. 2023 च्या फेब्रुवारीपासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आपल्या देशात मिळू लागले, आणि 2025 पर्यंत ते बहुतेक पंपांवर आले. हे इथेनॉल आपल्याच उसापासून आणि धान्यापासून होते, शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु जुन्या गाड्यांचे रबर या मिश्रणासाठी केलेले नव्हते. काही रबर त्यात फुगते, मऊ पडते, पुढे चिरते. शिवाय इथेनॉल ओलावा ओढून घेते. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणी साचते ते याही कारणाने. तेव्हा दुकानात नळी मागताना इथेनॉलच्या पेट्रोलला चालणारी आहे का, हे स्पष्ट विचारावे. जुनी नळी बरोबर न्यावी आणि आतले भोक जुळवून घ्यावे. खर्च चहा-भज्यांचा. दवाखान्यातली सलाइनची नळी लावलेल्या गाड्या मी या आळीत पाहिल्या आहेत. आतून पेट्रोल वाहताना दिसते म्हणून लोक खूश होतात, पण ती पेट्रोलसाठी नाही. थोड्या दिवसांत पिवळी पडते आणि कडक होऊन निसटते.

बदलण्याचे काम अर्ध्या तासाचे. गाडी जिन्याखालून काढून मोकळ्यावर आणावी, उजेडी, देवघराच्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपासून दूर. इंजिन पूर्ण गार हवे. पोरांना लांब बसवावे आणि वाळूची बादली जवळ ठेवावी. पाणी नव्हे, पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पाण्याबरोबर पसरत जाते. कॉक बंद करावा. पकडीने क्लिप दाबून मागे सरकवावी आणि खाली पत्र्याचा डबा धरून आधी कार्बोरेटरकडचे टोक सोडवावे. नळीतले चमचाभर पेट्रोल पडेल आणि थांबेल. ते थांबले नाही, थेंब येतच राहिले, तर कॉकमधले वॉशर गेले असे समजावे. मग टोक परत बसवून गाडी मेकॅनिककडे ढकलत न्यावी, कारण कॉकसाठी सगळी टाकी रिकामी करावी लागते आणि तेवढे पेट्रोल घरात बादलीत ठेवणे मला मुळीच पसंत नाही.

जुनी नळी चिकटून बसली असेल तर हिसके देऊ नयेत. ब्लेडने उभी चीर द्यावी, पण हलक्या हाताने. खालच्या धातूच्या तोंडावर ओरखडा उठला तर नवी नळीसुद्धा तिथून पाझरते. नवी नळी जुनीच्याच लांबीची कापावी. आखूड झाली तर ताणून निसटेल, लांब झाली तर मुरडेल नाहीतर गरम इंजिनाला टेकेल. दोन्ही क्लिपा आधी नळीवर चढवून घ्याव्यात, मग टोके बसवावीत. नळीत मध्ये जाळीची डबी असेल तर तिच्यावरचा बाण कार्बोरेटरकडे हवा.

आता घाई करू नये. कॉक उघडून, गाडी सुरू न करता, खाली कोरडे वर्तमानपत्र पसरून दहा मिनिटे बसावे. कागद कोरडा राहिला आणि दोन्ही टोकांवरून फिरवलेले बोट कोरडे आले, तरच किक मारावी. पेट्रोलने भिजलेली चिंधी उघड्यावर वाळू द्यावी. ओट्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नये.

एक मर्यादा मात्र पाळावी. 1 एप्रिल 2020 पासून नवे नियम आल्यावर मोटारसायकलींत इंजेक्शनची पद्धत आली. त्यात टाकीतला पंप पेट्रोल दाबाने पाठवतो. त्या नळीला घरी हात लावू नये. सोडताच फवारा उडेल. गाडीला कार्बोरेटर आहे की नाही हे कळत नसेल, तर आधी विचारावे.

ज्यांच्या जिन्याखाली वास येतो त्यांनी येत्या रविवारी सकाळी आठला गाडी मंडळाच्या पटांगणात आणावी, ढकलत. पकड माझ्याकडे आहे, वाळूची बादली कार्यकारिणीने द्यायचे कबूल केले आहे. नळी मात्र प्रत्येकीने आपापली आणायची.