कोटीचा करार आणि खेळाडूचा गुडघा

(गव्हाण, ता. पनवेल येथील व्याख्यानाचा मजकूर)



ऑगस्ट २०२२ मध्ये प्रो कबड्डी लीगच्या लिलावात पवन सेहरावत या चढाईपटूला तमिळ थलाइवाज संघाने २ कोटी २६ लाख ५० हजार रुपयांना घेतले. कबड्डीच्या लिलावात तोवर एवढी बोली कोणावरही लागली नव्हती. त्या हंगामात एका संघाला सर्व खेळाडूंवर मिळून ४ कोटी ४० लाख रुपये खर्च करण्याची मुभा होती. म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम एकट्या माणसाच्या दोन पायांवर लावली गेली. ऑक्टोबरमध्ये पहिल्याच सामन्यात त्यातला एक गुडघा दुखावला आणि उरलेला हंगाम तो मैदानाबाहेर बसला. पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. त्याच्यावाचून खेळणारा हा संघ त्याच हंगामात प्रथमच उपांत्य फेरीपर्यंत पोचला. नरेंदर हा कोवळा पोरगा आणि महाराष्ट्राचा अजिंक्य पवार यांनी चढायांचा भार उचलला.

एवढ्यावरून मोठे करार म्हणजे पैशाचा चुराडा, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. इराणचा मोहम्मदरेझा शादलू याला २०२३ मध्ये पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाखांना घेतले आणि पलटणने विजेतेपद मिळवले. पुढल्या वर्षी हरियाणा स्टीलर्सने त्याच्यासाठी २ कोटी ७ लाख मोजले आणि तोही संघ जिंकला. उलट त्याच २०२३ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवनवर २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली लावली. तो संघ बावीसपैकी दोन सामने जिंकून तळाशी राहिला. पवन त्या हंगामात जायबंदी नव्हता. मग चूक कोठे झाली? लिलावाच्या स्वरूपातच तिचे बीज आहे. अनेकजण एकाच वस्तूची किंमत अंदाजाने ठरवतात, तेव्हा ती वस्तू ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला त्याच्याच पदरात पडते. शिवाय कबड्डी हा सातजणांचा खेळ आहे. एका चढाईपटूसाठी तिजोरी रिती केल्यावर कोपरारक्षक कोठून आणणार, हा साधा प्रश्न बोली लावण्याच्या भरात मागे पडतो.

पण मालकाच्या तोट्याने आपण व्याकूळ व्हावे असे काही नाही. मालकाची जोखीम पैशाची आहे. ती वीस-बावीस खेळाडूंत आणि त्याच्या इतर धंद्यांत विभागलेली आहे. खेळाडूकडे मात्र एकच शरीर आहे आणि ते विभागता येत नाही. चंदगड तालुक्यातील सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये ३६ लाख ४० हजारांना गेला, २०१९ मध्ये १ कोटी ४५ लाखांना. पुढे खांदा दुखावला. प्रदीप नरवाल याच्यावर २०२१ मध्ये १ कोटी ६५ लाख लागले होते. २०२४ मध्ये ते ७० लाखांवर आले आणि २०२५ च्या लिलावात एकाही संघाने त्याचे नाव उचलले नाही. चढायांच्या गुणांचे विक्रम ज्याच्या नावावर, त्याची ही गत! त्यानंतर त्याने निवृत्ती जाहीर केली. पवनचाही भाव दोन वर्षांत ५९ लाख ५० हजारांपर्यंत घसरला. शेतमालाच्या बाजारात भाव कोसळतो तेव्हा शेतकऱ्याकडे निदान पुढल्या हंगामाची आशा असते. तिशी ओलांडलेल्या गुडघ्याला पुढला हंगाम नसतो.

माणसांचा लिलाव हीच गोष्ट अमंगळ आहे, असे आपल्यातील जुन्या कार्यकर्त्यांना वाटते. भावना समजण्यासारखी आहे; तरीही तिथे थांबणे बरोबर नाही. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमारवर लागली, ती १२ लाख ८० हजारांची. तिथपासून अडीच कोटींपर्यंत मजल गेली, त्यात खेळाडूचेही भले झाले, हे मान्य करावे लागेल. खटकते ते वेगळेच. २०२१ मध्ये लीगचे प्रक्षेपणहक्क पाच हंगामांसाठी ९०८ कोटींना गेले. म्हणजे हंगामाला १८१ कोटी ६० लाख. हक्क घेणारी स्टार कंपनीच लीगची प्रमुख मालकही, हा आणखी एक नमुना. २०२२ मध्ये बारा संघांनी ती मर्यादा पुरेपूर वापरली असे धरले, तरी खेळाडूंचा वाटा ५२ कोटी ८० लाखांवर जात नाही. जाहिराती, पुरस्कर्ते, तिकिटे बाजूला ठेवूनही हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आत येते. अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये उत्पन्नाचा सुमारे निम्मा वाटा खेळाडूंचा असतो.

तो वाटा मालकांनी उदार होऊन दिलेला नाही. बॉब कूझीच्या पुढाकाराने १९५४ मध्ये तेथे खेळाडूंची संघटना उभी राहिली. १४ जानेवारी १९६४ रोजी बोस्टनला निवडक खेळाडूंचा सामना दूरचित्रवाणीवर दिसणार होता. निवृत्तिवेतनाचे आश्वासन मिळेपर्यंत मैदानात उतरणार नाही, असे सांगून खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीतच बसून राहिले, आणि आश्वासन मिळाले. आज तेथील बहुतेक करार हमीचे असतात. जेसन टेटम याने २०२४ मध्ये पाच वर्षांसाठी ३१ कोटी ४० लाख डॉलरांचा करार केला. मे २०२५ मध्ये त्याच्या टाचेचा स्नायुबंध तुटला, पण करार तुटला नाही. जोखीम नाहीशी झाली नाही, ती सोसण्याची ताकद असलेल्याच्या खांद्यावर गेली, इतकेच.

गव्हाणच्या श्रोत्यांना हा मुद्दा वेगळा समजावण्याची गरज नाही. नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घ्यायची ठरली तेव्हा मोबदला एकरकमी होता. जमिनीचा भाव वाढल्यावर त्यात मूळ धन्याचा वाटा काय, हा प्रश्न दि. बा. पाटलांनी विचारला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला पाच माणसे त्यासाठी गोळीला बळी पडली, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व सरकारच्या गळी उतरले. एकदाच मिळणारी रक्कम आणि वाढीतला वाटा यांतला फरक या मातीत रक्त सांडून शिकला गेला आहे.

आता रायगडच्या कबड्डीकडे पाहा. येथील मुलगा अंगणात दम घुमवू लागला की घरच्यांच्या डोळ्यांपुढे कोटीची बोली नसे, नोकरी असे. रेल्वे, मुंबई बंदर, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, देना बँक, महिंद्र यांचे संघ होते. खेळ संपला तरी हजेरीपट चालू राही आणि अखेर निवृत्तिवेतन हाती येई. देना बँक २०१९ मध्ये दुसऱ्या बँकेत विलीन झाली, एअर इंडिया २०२२ मध्ये खाजगी मालकाकडे गेली. पवनसारख्याला रेल्वेच्या नोकरीचा आधार होता, म्हणून गुडघा बरा होईपर्यंत धीर धरता आला, आणि २०२३ मध्ये हांगचौला आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचे नेतृत्वही करता आले. २०२३ च्या लिलावात सर्वांत खालच्या गटाची मूळ किंमत ९ लाख होती. शहरातल्या चाकरमान्याला ही रक्कम बरी वाटेल. पण ती हंगामाची आहे, आणि पुढल्या हंगामाची खात्री नाही. मुलींना तर तेवढेही नाही. २०१६ मध्ये तीन संघांची महिला स्पर्धा झाली, तिचा दुसरा हंगाम निघाला नाही.

तेव्हा मोठा करार परवडतो का, याचे उत्तर कोणाला परवडतो यावर अवलंबून आहे. ज्याच्यावर दोन कोटी लागतात त्याने ते जरूर घ्यावेत. पण त्याच्यामागे उभ्या असलेल्या शेकडो मुलांसाठी कार्यकर्त्यांनी धरावयाच्या मागण्या निराळ्या आहेत. पगाराची मर्यादा आयोजक ठरवतात, त्या बैठकीत खेळाडूंचे निवडलेले प्रतिनिधी असावेत. दुखापतीच्या काळातील पूर्ण मानधन आणि उपचाराचा विमा करारातच लिहिलेला असावा. प्रक्षेपणाच्या उत्पन्नातून ठरावीक भाग निवृत्तिनिधीत जावा. आणि महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, त्यातल्या किती जागा भरल्या याचा हिशेब पनवेल आणि उरणच्या मंडळांनी दरवर्षी लेखी मागावा. त्यासाठी कोणत्याही लिलावाची वाट पाहावी लागत नाही.