आवारातलं झाड



मे महिना लागला की सोसायटीच्या फलकावर सूचना झळकते : रविवारी झाडांची छाटणी आहे, गाड्या बाहेर लावाव्यात. दोन माणसं कोयते, कुऱ्हाड आणि दोर घेऊन येतात आणि संध्याकाळपर्यंत गुलमोहराचा नुसता सोट उरतो. सभासद म्हणतात, चला, पावसाळ्याचा घोर मिटला. मला खरा घोर लागतो तो या सोटाचाच.

शेंडा उडवला की कापलेल्या टोकाखालून धुमाऱ्यांचे झुबके फुटतात. ते सालीलगतच्या थरातून येतात, जुन्या लाकडात त्यांची मुळी पकड नसते. काही वर्षांत ते पाल्याने जड होतात आणि वादळात आधी तेच निखळतात. शिवाय वरच्या उघड्या जखमेतून पाणी मुरतं, बुरशी आत शिरते. म्हणजे ज्या भीतीपोटी झाड बोडकं केलं, ती भीती आपणच खरी करून ठेवतो.

फांदी काढायची रीत वेगळी आहे. खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून थोडा काप द्यायचा, मग त्याच्या जरा पुढे वरून. वजन खाली येतं, पण साल सोलवटत खोडापर्यंत जात नाही. उरलेला खुंट शेवटी काढायचा. फांदी खोडाला मिळते तिथे फुगीर कडं दिसतं, त्याला धक्का न लावता त्याच्या बाहेरून कापायचं. जखम भरून काढणारी वाढ त्या कड्यातूनच होते. वर डांबर किंवा रंग फासायची गरज नाही. काम घेणाऱ्याला एवढं विचारा. त्याला हे ठाऊक नसेल तर दुसरा माणूस बघा.

आता पुष्कळांचा प्रश्न : जागा माझी, झाड मी लावलेलं, मग ते तोडायला परवानगी कशाला? महाराष्ट्रातल्या शहरांना १९७५ सालचा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे आणि तो खासगी आवारातल्या झाडांनाही आहे. झाड जाळणं, बुंध्याची साल गोल सोलून ते वाळवणं, हेसुद्धा त्यात तोडण्यातच धरलं जातं. २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडांना प्राचीन वृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाचं वय जेवढं, तेवढी नवी झाडं लावण्याचं बंधन आलं. ६० वर्षांच्या आंब्यामागे ६० रोपं! मला हा हिशेब जाचक वाटत नाही. त्या आंब्याची सावली ६० रोपांना द्यायची झाली तरी एक पिढी जाईल.

पण परवानगी हा अर्धाच भाग झाला. १९६४ साली दिल्लीत स्कूटरवरून जाणाऱ्या एका तरुणाच्या डोक्यात रस्त्याकडेच्या झाडाची फांदी पडली आणि तो दगावला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, निकाल १९९९ साली लागला. झाड महापालिकेचं होतं, तिला जबाबदार धरलं गेलं. न्यायालयाने सांगितलेलं तत्त्व मात्र तुम्हाआम्हालाही लागू पडतं : आपल्या जागेतलं झाड वाळलेलं आहे, मेलेलं आहे, हे ठाऊक असेल किंवा ठाऊक असायला हवं होतं, तर त्याच्या पडण्याने होणाऱ्या इजेला मालक जबाबदार. ‘ठाऊक असायला हवं होतं’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. ‘आमच्या लक्षातच आलं नाही’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

म्हणून बघायला शिका. बुंध्यावर अळंबीचे कडक थर दिसले तर आत लाकूड कुजतंय असं समजा. एका बाजूची माती उचलली गेली असेल, तिथे नवी भेग पडली असेल, तर झाड मुळापासून कलतंय. पाण्याच्या नळासाठी चर खणताना मुळं तुटली असतील, तर त्या झाडावर पुढचे काही पावसाळे नजर ठेवा. बुंध्याला भिडवलेले पेव्हर ब्लॉक आजच काढा, निदान हातभर रुंदीचं आळं मोकळं करा.

शेजाऱ्याच्या गच्चीवर फांदी गेली असेल तर त्याने तक्रार करण्याआधी आपणच बोलावं. छाटणीसाठी पालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज द्या, सोबत झाडाचे फोटो जोडा. काम ठरवण्याआधी झाडावर घरटी आहेत का, तेही पाहा, कारण कावळ्यांची पिलं याच दिवसांत असतात. आणि अर्जाची पोच जपून ठेवा.