शोकाला हद्द नसते : स्वागताध्यक्षीय भाषण



वैनगंगेच्या काठच्या या देसाईगंज-वडसा नगरीत आपणां सर्वांचे स्वागत करण्याचा मान स्वागतसमितीने मला दिला, याबद्दल मी समितीचा ऋणी आहे. नदीपलीकडची ब्रह्मपुरी चंद्रपूर जिल्ह्यात आणि अलीकडचा हा मुलुख गडचिरोलीत, अशी वाटणी २६ ऑगस्ट १९८२ रोजी सरकारी दप्तरात झाली असली, तरी धानाची कापणी उरकून रात्रीच्या नाटकासाठी नदी ओलांडणाऱ्या माणसाने ती कधी फारशी मनावर घेतलेली नाही. मोठ्या शहरांतील सुखसोयी आमच्यापाशी नाहीत; नव्या धानाचा भात आणि मोकळे मन एवढ्यावर आपण आमचे आतिथ्य गोड मानून घ्यावे. या मांडवात मराठी आणि झाडीबोलीबरोबर माडिया व गोंडी आहे, सिरोंच्याकडची तेलुगू आहे आणि फाळणीच्या आघाताने पूर्व बंगालमधून उखडून मुलचेरा-चामोर्शीच्या परिसरात वसविल्या गेलेल्या कुटुंबांची बंगालीही आहे.

युद्धाला विरोध करणारी कला आणि कथा, या विषयावरच्या संमेलनासाठी हे रानावनांतले गाव का निवडले, असा प्रश्न काही प्रतिनिधींनी पत्रांतून विचारला होता. जिथून देशाची सरहद्द शेकडो कोस दूर आहे, तिथे युद्धाची चर्चा कशासाठी, असा त्यांचा आशय होता. त्याचे उत्तर देणे हे यजमान म्हणून माझे कर्तव्य ठरते.

पहिले उत्तर असे, की नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या भद्रावतीच्या परिसरात विजासनच्या टेकडीत कोरलेली बौद्ध लेणी आहेत, कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५५ साली स्थापन केलेल्या ग्रामोदय संघाची कुंभाराची चाके आहेत, आणि देशाच्या सैन्याला दारूगोळा पुरविणारी आयुधनिर्माणीही आहे. त्या निर्माणीत राबणारे कामगार आमचेच भाऊबंद असून त्यांच्या पगारावर असंख्य चुली पेटतात. म्हणून युद्धाचा धिक्कार करणारे सोपे भाषण या मुलखात कोणालाही करता येत नाही, आणि करूही नये.

दुसरे उत्तर अधिक दुःखद आहे. १९८० च्या सुमारास गोदावरी-प्राणहितेपलीकडून नक्षलवाद्यांची सशस्त्र दलम या अरण्यात उतरली आणि त्यानंतरची चाळीसहून अधिक वर्षे आमच्या दक्षिणेकडील तालुक्यांनी जे भोगले, त्याला कोणत्याही दप्तरात युद्ध असे नाव नसले तरी त्याची लक्षणे सर्व युद्धाचीच होती. ऑक्टोबर २००९ मध्ये लाहेरीजवळ १७ पोलिस पडले. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर-बोरियाच्या बाजूला बंदूक घेतलेली चाळीसच्या घरातील माणसे पडली. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिन साजरा होत असताना, जांभुळखेड्याच्या रस्त्यावर १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक स्फोटात गेले. सी-६० या पोलिस पथकात इथलेच आदिवासी तरुण भरती झाले आणि दलममध्येही इथलेच तरुण गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली आणि आता हा अध्याय मिटत आला, असे सरकारदरबारी समाधानाने सांगितले जाते. ते खरे ठरो, अशीच आम्हां सर्वांची प्रार्थना आहे.

परंतु या काळात कला स्वस्थ बसलेली नव्हती, ही गोष्ट आपल्यासारख्या कलावंतांपुढे स्पष्टपणे मांडली पाहिजे. दलमपाशी त्यांचा चेतना नाट्य मंच होता, ढोल होता, गाणी होती. पोलिसांपाशी जनजागरण मेळावे होते आणि त्यांतली नाटके होती. आदिवासींच्या रेला नृत्याची लय दोन्हीकडे कामी आली. तेव्हा कला ही स्वभावतःच शांततेची दासी आहे, हा आपल्या व्यासपीठांवरचा आवडता समज या भूमीत टिकत नाही. चिमूरच्या परिसरात ज्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी घुमली आणि १६ ऑगस्ट १९४२ चा उठाव झाला, त्याच महाराजांना पुढे १९५५ साली विश्वशांतीच्या परिषदेसाठी जपानला निमंत्रण आले. आणि १९६२ व १९६५ च्या युद्धांत तीच खंजिरी सीमेवरील जवानांना धीर देण्यासाठीही वाजली. यात महाराजांची विसंगती दाखविण्याचा माझा हेतू नाही. साधन तेच राहून प्रयोजन किती पालटू शकते, एवढेच मला दाखवायचे आहे.

मग युद्धविरोधी कला ओळखावी कशी? माझ्या अल्प मतीप्रमाणे तिची कसोटी एकच आहे : ज्याचा द्वेष करण्याचा हुकूम आपल्याला झालेला असतो, त्याच्या मरणावर ती आपल्याला रडायला लावते की नाही. महाभारताच्या स्त्रीपर्वात कुरुक्षेत्रावर हिंडणारी गांधारी आपल्या शंभर पुत्रांसाठी शोक करता करता शत्रुपक्षाच्या अभिमन्यूपाशी थांबते आणि उत्तरेचा आक्रोश श्रीकृष्णाला दाखविते. इ. स. पूर्व ४१५ मध्ये युरिपिडीसने अथेन्सच्या विजयोत्सुक नागरिकांपुढे ट्रॉयच्या पराभूत स्त्रियांचा विलाप उभा केला. आपल्या मराठीत अरुण कोलटकरांनी ‘भिजकी वही’त व्हिएतनामच्या युद्धात होरपळलेल्या किम या मुलीला स्थान दिले. आपल्या भाषेत पोवाड्यांची संपत्ती विपुल आहे. असा परक्याचा शोक मात्र अगदी थोड्यांनी केला.

या कसोटीला उतरण्याचे सामर्थ्य आमच्या या झाडीपट्टीच्या रंगभूमीत आहे, असे मी अभिमानाने म्हणतो. दंडार, खडीगंमत, दंडीगान यांतून वाढलेली ही रंगभूमी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेपासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर जागते, आणि तिचा कारभार या वडशातून चालतो. कुरखेडा तालुक्यातील डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्रीने गौरविण्यात आले, तेव्हा त्यांच्या शेकडो भूमिकांबरोबर वाट चुकलेल्या तरुणांना माघारी आणण्याच्या त्यांच्या कार्याचीही दखल घेतली गेली. एकाच ताडपत्रीवर शिपायाची आई आणि जंगलात गेलेल्या पोराची आई शेजारी बसून एकाच प्रवेशाला डोळे पुसू शकतात, असे ठिकाण कचेरीत नाही आणि न्यायालयातही नाही. तथापि, आमच्या नाटककारांनी सासू-सुनांचे आणि भाऊबंदकीचे प्रश्न जितक्या धिटाईने हाताळले, तितक्या धिटाईने या हिंसेचा प्रश्न हाताळला नाही, हेही कबूल केले पाहिजे. ज्याला प्रयोग संपल्यावर त्याच रस्त्याने घरी परतायचे असते, त्याच्या मौनाला भ्याडपणा म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण आता रस्ते मोकळे होत आहेत, आणि त्याबरोबर मौनाची ती सबबही संपत आली आहे.

पंचनाम्यात मृताचे अदमासे वय, अंगावरचे कपडे आणि जवळ सापडलेला मुद्देमाल यांची नोंद होते. ती आवश्यक आहे आणि शिरस्त्याप्रमाणे व्हावीच. तो कोणाच्या शेतात धान रोवायला जात असे, कोणत्या गाण्यावर त्याचे पाय थिरकत, ही नोंद मात्र कथाकारानेच केली पाहिजे, आणि ती दोन्ही बाजूंच्या मृतांची केली पाहिजे. म्हणून स्वागतसमितीच्या वतीने माझी या संमेलनाला अशी विनंती आहे, की येथून जाण्यापूर्वी एक तजवीज व्हावी : हिंसाचाराच्या या वर्षांच्या जबान्या माडिया व गोंडीत, ज्यांनी सोसले त्यांच्याच तोंडून, प्रथम त्यांच्याच भाषेत नोंदल्या जाव्यात, मराठी नाटककाराने त्या मग हाती घ्याव्यात, आणि त्यांतून जे नाटक होईल त्याचा पहिला प्रयोग पुण्या-मुंबईऐवजी भामरागडात किंवा एटापल्लीत व्हावा. ज्यांचे दुःख आहे त्यांच्यासमोर ते नाटक उभे राहिले, तर ते खरे ठरेल; राहिले नाही, तर ते फाडून टाकण्याचे धैर्यही आपल्यापाशी असावे.