उसाच्या चरकापासून अग्निबाणाच्या कवचापर्यंत



बारामती-इंदापूर म्हटले की डोळ्यांसमोर नीरेचा कालवा, ऊस आणि साखर कारखान्यांची धुराडी उभी राहतात. विमान आणि अंतराळ हे विषय बंगळुरूचे वा थुंब्याचे, आपले नव्हेत, अशी आपली समजूत असते. ती दूर व्हावी, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचा. घरचा पिढीजात व्यापार सोडून त्यांनी फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेतली. भोर घाटातील बोगदे खोदले. १९१९ मध्ये सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून इंग्लंडला निघाले, त्यामागेही तेच होते. पुढे इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळरानावर त्यांनी ऊसशेती आणि साखर कारखाना उभा केला. तेच आजचे वालचंदनगर. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने त्यांनी बंगळुरूला ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ स्थापन केली, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीची कोनशिला बसली आणि १९४४ मध्ये ‘प्रीमियर’ मोटार कंपनी निघाली.

यातील विमान कारखाना त्यांच्या हाती फार काळ राहिला नाही. महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ मध्ये, तत्कालीन सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. पण रुजलेले झाड मालक बदलला म्हणून सुकत नाही. त्याच संस्थेत कोल्हापूर भागातील डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी ‘एचटी-२’ या प्रशिक्षण विमानाचा आराखडा सिद्ध केला. ते विमान १९५१ मध्ये आकाशात झेपावले. जर्मनीत प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेले घाटगे बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत अध्यापकही होते. पुढे ‘पुष्पक’, ‘कृषक’ आणि ‘किरण’ ही विमाने त्यांच्याच मार्गदर्शनाखाली साकारली. १९६४ मध्ये ही संस्था ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स’ झाली.

आता पुन्हा इंदापूरकडे वळू. साखर कारखान्याला अजस्र चरक लागतात, दाब सोसणारे बॉयलर लागतात, दातेरी चक्रांच्या अवजड पेट्या लागतात. हे सारे घडवता घडवता वालचंदनगरच्या कामगारांच्या हाताला जाड पोलाद वळवण्याची आणि निर्दोष जोडण्याची सवय झाली. युद्धनौकांच्या गिअरपेट्या तेथे घडल्या आणि १९७० च्या दशकापासून ‘इस्रो’च्या अग्निबाणांची कवचेही.

हे कवच म्हणजे काय? अग्निबाणातील घन इंधन पेटले की आत प्रचंड दाब आणि हजारो अंश उष्णता निर्माण होते. कवच जाड करावे तर वजन वाढते, पातळ करावे तर फुटण्याचा धोका. म्हणून विशेष पोलादाचे पत्रे वळवून, जोडून, तापवून त्यांना बळकटी द्यायची आणि प्रत्येक सांधा तपासायचा. केसाएवढी चीरही सारे उड्डाण बुडवू शकते. १४ जुलै २०२३ रोजी चंद्रयान-३ घेऊन निघालेल्या प्रक्षेपकाला दोन बाजूंना जे दोन विशाल बूस्टर होते, प्रत्येकात सुमारे २०० टन इंधन भरलेले, त्यांच्या कवचांचे भाग वालचंदनगरला घडले होते. चंद्राची वाट आपल्या उसाच्या फडाशेजारून गेली!

यातून आपण काय घ्यावे? एका कामातून दुसऱ्यात जाणाऱ्याला आपला समाज पटकन ‘चंचल’ म्हणतो. परंतु बोगद्यांचा अनुभव असलेला माणूस जहाजाकडे वळतो, बॉयलर जोडणारा हात अग्निबाण जोडतो, तेव्हा तो जुने टाकून देत नाही, सोबत घेऊन जातो. मूळ कौशल्य पक्के असेल तर क्षेत्र बदलणे ही वाढ असते. मूळच कच्चे असेल तर मात्र ती नुसती धावपळ ठरते.

आज बारामतीत वैमानिक घडवणाऱ्या संस्था आहेत आणि औद्योगिक वसाहतीत मोठे कारखाने आहेत. तरीही घराघरांतून ऐकू येते ते एकच: मुलाने संगणकापुढे बसावे, हात काळे करू नयेत. पालकहो, संगणक जरूर शिकवा. पण आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकणाऱ्या मुलाला कमी लेखू नका. अभियंत्याने कागदावर काढलेली रेघ पोलादात उतरवतो तो हाच मुलगा. त्याला मान मिळाला नाही तर ही विद्या एका पिढीत लोप पावेल आणि ती पुन्हा उभी करायला अनेक पिढ्या लागतील. राष्ट्राचे सामर्थ्य अशाच हातांवर तोललेले असते, हे ध्यानी ठेवू या.