बेटांचे किनारे आणि चार घटका विसावा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की विषय भारदस्त असावा, अशी आपली रीत आहे. स्त्रीशिक्षण झाले, गृहोद्योग झाले, बालसंगोपन तर दोनदा झाले. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही बोटीने बेटांची सफर करून आलात. तिथे चांगला किनारा कसा शोधायचा, बसायचे कुठे, खायचे-प्यायचे काय, तेवढेच सांगा. पुढच्या वर्षी आमच्यातल्या आठदहाजणी निघायच्या म्हणतात." तेव्हा आज मी आरामाविषयी बोलणार आहे. विषय हलका वाटला तरी ऐकून घ्या. आराम करणे ही गोष्ट आपल्याला वाटते तितकी सोपी नाही, असे माझे मत झाले आहे.

आधी सफरीची रूपरेषा सांगते. मी आणि माझ्या नणंदबाई, अशा दोघीच गेलो होतो. हिंदी महासागरात मॉरिशस, रियुनियन आणि सेशेल्स ही बेटे आहेत. मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात बोटीवर चढायचे, ही बेटे करायची आणि परत तिथेच उतरायचे. बोट म्हणजे पाण्यावरचे मोठे हॉटेलच. रात्री प्रवास आणि दिवसा बंदर, असा बहुतेक क्रम असतो. बोटीवर खाण्यापिण्याची चंगळ असते, त्याबद्दल मी काही बोलत नाही, कारण ते आपोआप पुढ्यात येते. किनारा मात्र आपला आपल्यालाच शोधावा लागतो.

त्यासाठी पहिले काम घड्याळाचे. बोट सकाळी आठला लागली आणि संध्याकाळी पाचला सुटणार असली, म्हणजे हाती नऊ तास आहेत असे समजू नका. उतरायच्या रांगेला तास जातो, सुटण्यापूर्वी अर्धाएक तास चढून बसावे लागते, आणि जाण्यायेण्याला दोन तास धरावे लागतात. खरे हाती राहतात साडेपाच तास. कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर बोट तिच्यासाठी थांबते. तुमची टॅक्सी उशिरा आली तर थांबत नाही. म्हणून तासाभराच्या वाटेपलीकडे जाऊ नये, आणि एका दिवसात एकच किनारा करावा. तीन किनाऱ्यांचे फोटो घेऊन येणारी बाई एकाही किनाऱ्यावर बसलेली नसते.

दुसरे काम डोळ्यांचे. या बेटांपैकी मॉरिशसला जवळजवळ सगळीकडून प्रवाळाचे कडे आहे. मोठ्या लाटा दूर त्या कड्यावर फुटतात आणि अलीकडे गुडघा-कंबरेइतके शांत, हिरवेनिळे पाणी राहते. किनाऱ्यावर उभे राहून बघा. पांढरी रेघ लांब दिसत असली आणि पायाशी पाणी नुसते लपलपत असले, तर निर्धास्त पाय भिजवा. लाट थेट पायाशी येऊन आपटत असली, तर तिथे प्रवाळाचे कडे तुटलेले आहे असे समजावे आणि लांबूनच नमस्कार करावा. मॉरिशसच्या दक्षिण टोकाला ग्री-ग्री नावाची जागा अशीच आहे. पाहायला सुंदर, पण पोहायला नाही. शांत पाण्यातही पायात रबरी जोडे हवेत, कारण तळाशी काटेरी समुद्री प्राणी असतात.

तिसरी खूण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बेटावरची माणसे आपल्या सुटीच्या दिवशी कुठे बसतात, ते पाहावे. जिथे त्यांची चटई, तिथे आपली चटई.

पोर्ट लुई शहराला स्वतःचा वाळूचा किनारा नाही. बंदरालगतच आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर नेलेले मजूर याच ठिकाणी उतरत. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले, कोकणातले आणि देशावरचे आपले मराठी लोकही होते. जागतिक वारसा म्हणून २००६ साली त्याची नोंद झाली. तिथल्या दगडी पायऱ्या पाहून मगच पुढे जावे, असे मी सांगेन. जवळच्या स्थानकावरून उत्तरेकडच्या बसगाड्या सुटतात. टॅक्सीवाले गराडा घालतात, पण आपण शांतपणे बसमध्ये बसावे. आम्ही दोघी तशाच मों श्वाझी नावाच्या किनाऱ्याला गेलो.

हा लांबच लांब, अर्धचंद्रासारखा वळलेला किनारा आहे, आणि मागे सुरूचे बन. सुरू पाहून कोकणातच आल्यासारखे वाटले. १९३३ साली मॉरिशसहून रियुनियनला पहिले विमान उडाले ते इथल्याच मैदानावरून. त्या दिवशी रविवार होता. झाडाझाडाखाली कुटुंबेच्या कुटुंबे बसलेली, पातेली घरून भरून आणलेली. कुठे चकतीसारखे मोठे चामड्याचे वाद्य, त्याला रावान म्हणतात, ते वाजवून सेगा नावाचे गाणे-नाचणे चाललेले. एक आजीबाई तर खुर्ची पाण्यातच टाकून, घोटे बुडवून बसल्या होत्या. तासाभराने पाहिले तरी तशाच.

आमच्या नणंदबाईंना मात्र बसवेना. चटई अंथरली, पिशवी लावली, वाळू झटकली आणि त्या म्हणाल्या, "वहिनी, आता पुढे काय?"

मी म्हटले, "पुढे काही नाही, वन्सं. बसायचे."

"बसले की. पण मग?"

भगिनींनो, हसू नका. आपल्यापैकी कितीजणींना काहीही न निवडता, न विणता, न टिपता अर्धा तास बसता येईल? आपण हळदीकुंकवाला जातो तिथेही ताट भरत असतो.

शेजारच्या चटईवरून एका बाईंनी आमचे बोलणे ऐकले आणि "मराठी?" म्हणून विचारले. घरी त्या क्रिओल बोलत. मराठी शाळेत शिकलेल्या, तेवढीच जपून ठेवलेली. मॉरिशसच्या शाळांत मराठी शिकवतात आणि गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुटी असते, हे आपल्यापैकी बऱ्याचजणींना ठाऊक नसेल. त्यांनी आम्हांला डाळपुरी वाढली. वाटाण्याच्या पिवळ्या डाळीचे सारण भरलेली मऊ पोळी, वर घेवड्याची रस्साभाजी आणि चटणी. पुरणपोळीची तिखट बहीणच म्हणा ना! मी सहज विचारले, "दर रविवारी येता?" त्या म्हणाल्या, "सहा दिवस काम. रविवार समुद्राचा." असे ठामपणे सांगणारी बाई मी प्रथमच पाहिली.

आता बारविषयी. हा शब्द ऐकून कोणी पदर तोंडाला लावला असेल. आपल्याकडे बार म्हणजे दाराला पडदा, आत अंधार आणि घरी कुणीतरी वाट पाहत बसलेले. बेटावरचा बार तसा नव्हे. चार खांब, वर झावळ्यांचे छप्पर, आडवी फळी, समोर समुद्र. आजी, सून, नातवंडे सगळी तिथे येतात. कुठे नुसता गाडा किंवा मोटारीतले दुकान असते. मॉरिशसचे खरे खाणे अशा गाड्यांवरच मिळते. गातो पिमां म्हणजे मिरची घातलेले डाळीचे वडे. आलूदा म्हणजे दूध, सब्जा आणि अगर घातलेले थंडगार पेय, फालुद्याचेच भावंड. अननस सोलून, चिरून, वर मीठमिरची आणि चिंच. शहाळी तर आहेतच.

बेटावर ऊस मुबलक, तेव्हा उसाची रमही आहे. फळे आणि व्हॅनिला घालून ती मुरवतात. ज्यांना ती चालते त्यांनी घ्यावी, त्यात मी न्यायाधीश होत नाही. मात्र घेतल्यावर पाण्यात उतरू नये. ज्यांना चालत नाही त्यांनी फळांचे रंगीत पेय मागवताना "रम नको" हे आधीच सांगावे, कारण अशा पेयांत ती न विचारता पडलेली असू शकते. भावही आधी विचारावा. बंदराच्या तोंडाशी जे बार असतात ते बोटीच्या प्रवाशांसाठीच मांडलेले. दहा मिनिटे पुढे चाललात तर भाव उतरतो, गर्दी उतरते, आणि पैसा बेटावरच्या बाईच्या गल्ल्यात पडतो.

रियुनियनविषयी थोडक्यात सांगते. हे बेट फ्रान्सचा भाग आहे, नाणे युरो. २०११ पासून तिथे शार्क माशांचे जीवघेणे हल्ले झाले, म्हणून २०१३ पासून पोहण्यावर निर्बंध आले. प्रवाळाच्या आतले शांत पाणी किंवा पहारा असलेली जागा, एवढ्यातच उतरावे. पश्चिम किनाऱ्यावरचे लेर्मिताज हे त्यासाठी उत्तम. फलक वाचल्याशिवाय पाऊल भिजवू नये.

सेशेल्सला शंभराहून अधिक बेटे. माहे बेटावर राजधानी व्हिक्टोरिया. तिथून बसने डोंगर ओलांडला की बो व्हालोंचा किनारा. ताकामाका नावाच्या मोठ्या झाडांची सावली थेट वाळूवर पडते. तिथेही माडाची माडी काढतात. तिला कालू म्हणतात. ला दिग बेटावर लोक सायकलीने फिरतात. तिथला आन्स सूर्स दार्जां हा किनारा गुलाबी-करड्या प्रचंड शिळांसाठी जगभर प्रसिद्ध आहे. वाट एका जुन्या नारळाच्या मळ्यातून जाते, त्यामुळे प्रवेशाचे पैसे पडतात. पण मळ्यात खोबऱ्याचा घाणा आणि व्हॅनिलाचे वेल पाहायला मिळतात. शिळांच्या आडोशाला एकेका कुटुंबापुरती वाळू असते. तिथे एका शिळेला टेकून नणंदबाई बसल्या, आणि दोन तासांत "पुढे काय" हे त्यांनी एकदाही विचारले नाही.

आता थोडे गंभीर बोलते. मॉरिशसमध्ये आणि सेशेल्समध्ये भरतीच्या रेषेपर्यंतची वाळू सर्वांची आहे, असा कायदा आहे. हॉटेलची खुर्ची हॉटेलची. वाळू कोणाची नव्हे. तेव्हा मोठ्या हॉटेलासमोरून चालताना बिचकू नये. पण कायदा आहे म्हणून किनारा राहतोच असे नाही. मॉरिशसमध्ये चांगल्या किनाऱ्यांपैकी बराचसा भाग हॉटेलांनी आणि बंगल्यांनी अडवलेला आहे. म्हणून तिथल्या लोकांनी चळवळ उभारली आहे. तिच्या क्रिओल नावाचा अर्थच "आमचे किनारे चोरणे थांबवा" असा आहे.

आणि हे लोक नुसते हक्क सांगत नाहीत. २५ जुलै २०२० रोजी वाकाशियो नावाचे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्याजवळ प्रवाळावर चढले आणि ऑगस्टमध्ये सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडले. तेव्हा हजारो माणसे किनाऱ्यावर धावली. उसाचे पाचट कापडात भरून, शिवून त्यांनी लांबच लांब गुंडाळ्या केल्या आणि तेल अडवण्यासाठी पाण्यावर सोडल्या. तेल शोषून घेण्यासाठी लोकांनी आपले केस कापून दिले. ज्या समुद्राला रविवार दिला, त्याच्यासाठी आणीबाणीच्या वेळी हातही दिले. जो किनारा आपला वाटत नाही, त्याच्यासाठी कोणी केस कापून देईल का?

भगिनींनो, विश्रांती ही काम संपल्यावर मिळणारी गोष्ट आहे असे आपण धरून चाललो, तर ती मिळणारच नाही, कारण काम संपत नाही. त्या मॉरिशसच्या बाईंचे कामही संपले नव्हते. त्यांनी रविवार आधी बाजूला काढला आणि उरलेल्या दिवसांत काम बसवले. त्यासाठी बोटीचे तिकीट लागत नाही.

ज्यांना बेटांना जाणे जमेल त्यांनी अवश्य जावे. नोव्हेंबर-डिसेंबर बरा, जानेवारी ते मार्च वादळांचा काळ असतो. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी माझी एक सूचना आहे. मंडळाची पुढली सहल गुहागरच्या किनाऱ्यावर न्यावी. आपल्याकडे लाटा अडवायला प्रवाळाचे कडे नाही, तेव्हा पाण्यात जपून. पण वाळू आहे, सावली आहे, शहाळी आहेत. डबे घरून न्यावेत. भेंड्या नकोत, पाककृतींची स्पर्धा नको, आभारप्रदर्शनही नको. चिटणीसबाईंना माझी एवढीच विनंती, की त्या दिवसाची कार्यक्रमपत्रिका कोरी ठेवावी.